टाचशूळ, कंडरेचे विकार आणि आघाततरंग चिकित्सा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी वेदना होणारा रुग्ण कोणत्याही वैद्याला नवीन नाही. दिवसभर उभे राहणारे शिक्षक व परिचारिका, आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालून आलेले वारकरी, पोलीस भरतीच्या सोळाशे मीटर धावण्यासाठी डांबरी रस्त्यावर सराव करणारे तरुण आणि मुंबईत २००४ पासून होणाऱ्या मॅरेथॉनची तयारी करणारे मध्यमवयीन धावपटू, हे सारे याच तक्रारीच्या निरनिराळ्या रूपांनी आपल्याकडे येतात. कोणाची टाच दुखते, कोणाची पिंडरीखालची जाड कंडरा, कोणाच्या गुडघ्याच्या वाटीखालचा भाग. अलीकडे यांतील पुष्कळ रुग्ण एक प्रश्न सोबत घेऊन येतात : "वैद्यराज, शॉकवेव्ह घेऊ का?"

या प्रश्नाला दोन प्रकारची घाईची उत्तरे दिली जातात. एक, "ते आधुनिक यंत्र आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही." दुसरे, "हे तर आपले अग्निकर्मच, फक्त यंत्रातून." दोन्ही उत्तरांनी रुग्णाचे हित साधत नाही. ही चिकित्सा कोणत्या अवस्थेत उपयुक्त ठरली, कोणत्या अवस्थेत निष्फळ ठरली आणि कोणाच्या बाबतीत ती अपायकारक होऊ शकते, याचे बरेचसे ज्ञान आज उपलब्ध आहे. त्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूतखड्यापासून टाचेपर्यंत

या चिकित्सेचा उगम जर्मनीत झाला. विमाने बनविणाऱ्या डॉर्निअर या कंपनीत आघाततरंगांवर संशोधन सुरू होते. त्यातून शरीराबाहेर निर्माण केलेला तरंग पाण्यातून आत नेऊन मूत्रपिंडातील अश्मरी फोडता येईल, अशी कल्पना पुढे आली. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. पुढे १९९१ मध्ये बल्गेरियातील वाल्चानू आणि मिखाइलोव्ह यांनी न जुळणाऱ्या अस्थिभग्नांवर तरंगांचा उपयोग केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. अश्मरी फोडणारा तरंग अस्थीला जुळण्यास प्रवृत्त करतो, हे निरीक्षण महत्त्वाचे होते. त्याच दशकात युरोपात कंडरांच्या जीर्ण विकारांत या तरंगांचा वापर रूढ झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली जीर्ण टाचशूळासाठी अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली.

या इतिहासामुळे एक गैरसमज मात्र समाजात घट्ट रुजला. अश्मरी फुटते, तसे टाचेचे "वाढलेले हाड" या यंत्राने फुटते, असे रुग्णांना वाटते आणि क्वचित त्यांना तसे सांगितलेही जाते. ते खरे नाही. क्ष-किरण चित्रात टाचेखाली दिसणारा अस्थिकंटक वेदना नसलेल्या अनेक व्यक्तींतही आढळतो, आणि उपचारानंतर वेदना शमली तरी कंटक जागच्या जागी राहू शकतो. रुग्णाला हे आधीच सांगावे. अन्यथा उपचार संपल्यावर पुन्हा क्ष-किरण चित्र काढून तो विनाकारण निराश होतो.

यंत्रांचे दोन प्रकार

शॉकवेव्ह या एकाच नावाखाली दोन वेगळी साधने वापरली जातात. पहिला प्रकार केंद्रित तरंगांचा. यात तरंग ऊतींमध्ये ठराविक खोलीवर एकवटतो आणि त्याचा दाब अत्यल्प काळात अतिशय वाढतो. दुसरा प्रकार पसरणाऱ्या तरंगांचा. यात हवेच्या दाबाने नळीतील धातूचा लहान गोळा पुढील टोकावर आदळतो आणि त्या आघाताचे स्पंदन त्वचेतून आत पसरते. त्याचा जोर त्वचेलगत सर्वाधिक असतो आणि खोल जाताना तो क्षीण होत जातो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर व्याख्येने हा दुसरा प्रकार आघाततरंग नसून दाबतरंग आहे. आपल्याकडील भौतिकोपचार केंद्रांत बहुधा हाच आढळतो. टाच किंवा पिंडरीची कंडरा त्वचेपासून फार खोल नसल्याने या भागांसाठी तोही उपयोगी ठरला आहे.

केंद्रित तरंगाची मात्रा प्रति चौरस मिलिमीटर मिलिज्यूल या एककात मोजतात. सामान्यतः ०.०८ पर्यंत अल्प, ०.०८ ते ०.२८ मध्यम आणि त्यापुढे उच्च अशी विभागणी केली जाते. मात्रेचे महत्त्व सशांवरील एका प्रयोगात स्पष्ट झाले. जर्मनीतील रोंपे व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की ०.०८ मात्रेने कंडरेत काही बदल झाला नाही, ०.२८ ने तात्पुरता शोथ आला, तर ०.६० ने कंडरेची स्पष्ट हानी झाली. अधिक जोर म्हणजे अधिक गुण, असा हिशेब येथे चालत नाही.

प्रत्यक्ष उपचारात बहुधा आठवड्यास एक याप्रमाणे तीन वेळा, दर वेळी सुमारे दोन हजार आघात दिले जातात. त्याला काही मिनिटेच लागतात. रुग्ण बोटाने सर्वाधिक दुखरी जागा दाखवतो आणि तेथेच यंत्राचे टोक ठेवले जाते. उपचार वेदनादायक असला तरी बहुतेकांना सहन होतो. त्वचेवर लाली, किंचित सूज किंवा रक्ताचे बारीक ठिपके येऊन काही दिवसांत जातात.

तरंगांमुळे ऊतींत नेमके काय घडते, याची काही सूत्रे प्राण्यांवरील प्रयोगांतून हाती आली आहेत. कंडरा-अस्थिसंधीजवळ नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या निर्माण होणे, वृद्धिकारक घटकांचे प्रमाण वाढणे आणि वेदनावहनात भाग घेणाऱ्या द्रव्यांत बदल होणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. जीर्ण कंडराविकारात तीव्र शोथ नसतो. तेथे तंतूंची रचना विस्कळीत झालेली असते आणि दुरुस्तीचे काम अर्धवट थांबलेले असते. थांबलेल्या त्या कामाला पुन्हा चालना मिळते, असा या चिकित्सेमागील विचार आहे. म्हणूनच तिचे फळ तिसऱ्या दिवशी दिसत नाही. त्यासाठी आठ ते बारा आठवडे थांबावे लागते.

प्रयोगांचा कौल

टाचेच्या प्लांटर फॅशियाच्या विकारात सुरुवातीचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. ऑस्ट्रेलियात बुकबाइंडर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १६६ रुग्णांवर केलेल्या परीक्षणात खरा उपचार आणि आभासी उपचार यांत फरक आढळला नाही. २००३ मध्ये जर्मनीतील हाके व सहकाऱ्यांनी २७२ रुग्णांवर केलेल्या परीक्षणात बारा आठवड्यांनंतर यशाचे प्रमाण अनुक्रमे ३४ व ३० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आले. या परीक्षणात टाच बधिर करून तरंग दिले होते. बधिरीकरणाने तरंगांचा गुण कमी होतो, असे पुढील अभ्यासांतून दिसले. २००८ मध्ये गेर्डेसमायर व सहकाऱ्यांनी बधिरीकरणाशिवाय पसरणारे तरंग वापरले. त्यांनी निवडलेले रुग्ण सहा महिन्यांहून अधिक काळ पीडित व इतर उपचारांनी बरे न झालेले होते. बारा आठवड्यांनंतर यशाचे प्रमाण ६१ टक्के, तर आभासी उपचारात ४२ टक्के होते. गुण खरा आहे. पण आभासी उपचारानेही शंभरांत बेचाळीस जणांना बरे वाटले, हा आकडा कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकाने विसरू नये.

नव्या टाचशूळात चित्र उलटे आहे. सहा आठवड्यांहून कमी काळ दुखणाऱ्या १०२ रुग्णांवरील २०१० च्या परीक्षणात तळपायाला विशिष्ट ताण देण्याचा साधा व्यायाम तरंगांपेक्षा सरस ठरला. दोन महिन्यांनी व्यायाम गटातील ६५ टक्के, तर तरंग गटातील २९ टक्के रुग्ण समाधानी होते. नव्या दुखण्यात घाईने यंत्राकडे धाडण्याचे कारण नाही, हे यावरून उघड होते.

पिंडरीखालील अकिलीज कंडरेबाबत रोंपे यांची तीन परीक्षणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कंडरेच्या मध्यभागी विकार असलेल्या ७५ रुग्णांत २००७ मध्ये चार महिन्यांनी ताणाच्या व्यायामाने ६० टक्के, तरंगांनी ५२ टक्के आणि केवळ वाट पाहून २४ टक्के रुग्ण बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. २००९ मध्ये दोन्ही उपचार एकत्र दिले, तेव्हा हे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेले; केवळ व्यायामाने ते ५६ टक्के होते. कंडरा टाचेच्या हाडाला जेथे चिकटते, तेथील विकारात मात्र २००८ च्या परीक्षणात तरंगांनी ६४ टक्के आणि व्यायामाने अवघे २८ टक्के रुग्ण सुधारले. एकाच कंडरेच्या दोन स्थानांत चिकित्सेचे फळ इतके बदलते. स्थानसंश्रयाचे महत्त्व ज्यांना शिकवावे लागत नाही, अशा वैद्यांना यात नवल वाटू नये.

नितंबाच्या बाहेरील उंचवट्यावरील वेदनेत २२९ रुग्णांचे २००९ मधील परीक्षण विशेष बोधप्रद आहे. एका महिन्याने स्टेरॉइडच्या सुईने ७५ टक्के रुग्ण सुधारले, तरंगांनी १३ टक्के आणि घरच्या व्यायामाने ७ टक्के. पंधरा महिन्यांनी मात्र व्यायामाचे ८० टक्के, तरंगांचे ७४ टक्के आणि सुईचे ४८ टक्के रुग्ण सुधारलेले होते. त्वरित आराम देणारा उपचार अखेरीस मागे पडला.

गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेत, स्पर्धा चालू असतानाच उपचार घेणाऱ्या व्हॉलीबॉल, बास्केटबॉल व हँडबॉलपटूंवर नेदरलँड्समध्ये परीक्षण झाले. २०११ च्या त्या निष्कर्षांत आभासी उपचारापेक्षा अधिक गुण दिसला नाही. हेतू चालू ठेवून केलेली चिकित्सा फळत नाही, असेच याचे तात्पर्य मानता येईल.

सुरक्षिततेबाबतही एक नोंद आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये कॉस्टा व सहकाऱ्यांच्या २००५ मधील परीक्षणात तरंग दिलेल्या दोन वयस्क रुग्णांची अकिलीज कंडरा तुटली. असे क्वचितच घडते, परंतु वेदना शमली म्हणजे कंडरा सबळ झाली असे नव्हे, हे त्यातून शिकावे. ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये अकिलीज विकाराबाबत मोठा धोका नसल्याचे, पण गुणाचे पुरावे विसंगत असल्याचे नमूद केले आहे.

शास्त्राच्या दृष्टीने

वातकंटकाचे वर्णन करताना सुश्रुताने पाऊल विषम पडणे हे कारण सांगितले आणि वाग्भटाने त्याला श्रमाची जोड दिली. अतिवापराने होणाऱ्या विकाराची याहून नेमकी व्याख्या क्वचित सापडेल. सुश्रुताने सोळा कंडरा गणल्या असून त्यांतील चार पायांत सांगितल्या आहेत. येथे एक खुलासा अवश्य करावा. बोलीभाषेत मांसपेशीला स्नायू म्हणतात, पण संहितेतील स्नायू म्हणजे बंधनकारक तंतुमय रचना होय. रुग्णाशी बोलताना आणि इतर चिकित्सकांना पत्र लिहिताना हा भेद न पाळल्यास घोटाळा होतो.

स्नायू, संधी व अस्थिगत वातात सुश्रुताने स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन सांगितले आहे. चक्रदत्ताने वातकंटकात रक्तमोक्षण, एरंडतैलपान व सूचीने दहन हे मार्ग दिले आहेत. दुखऱ्या जागी मर्यादित, नेमका आघात करून वेदनाशमन साधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, हे यावरून दिसते. तथापि अग्निकर्मात उष्णता कार्य करते, तरंगचिकित्सेत यांत्रिक दाब. साधन, खोली, मात्रा आणि उपद्रव सारेच भिन्न आहेत. साम्य दाखवून एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावे मांडणे शास्त्रीय नव्हे. तरंगांचे गुणदोष ज्या पद्धतीने, आभासी उपचाराशी तुलना करून आणि अपयशेही प्रसिद्ध करून तपासले गेले, त्याच कसोटीवर अग्निकर्म व विद्धकर्म मोठ्या संख्येने तपासले जाणे हे आपल्या संस्थांपुढील काम आहे. निदान प्रत्येक वैद्याने वेदनेची शून्य ते दहा अशी नोंद पहिल्या दिवशी, सहा व बारा आठवड्यांनी ठेवली, तरी पुष्कळ साध्य होईल.

कोणाला पाठवावे, कोणाला नाही

तीन ते सहा महिने योग्य विश्रांती, व्यायाम आणि आपली चिकित्सा होऊनही न हटणारा टाचशूळ, तसेच अकिलीज कंडरेच्या टाचेकडील टोकाचा जीर्ण विकार, यांत तरंगचिकित्सेचा सल्ला देणे युक्त आहे. गर्भिणी, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असणारे, त्या भागात अर्बुद वा जंतुसंसर्ग असणारे, आणि वाढीच्या वयातील मुलांतील अस्थींची वाढती टोके, हे सर्व वर्ज्य समजावे. नजीकच्या काही आठवड्यांत त्या जागी स्टेरॉइडची सुई घेतली असल्यास थांबावे. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असल्यास तरंग असो वा अग्निकर्म, दोन्हींत विशेष सावध राहावे.

त्याआधी निदान निश्चित हवे. पुढील लक्षणे केवळ वातकंटक म्हणून सोडू नयेत :

१. "मागून कोणी लाथ मारल्यासारखे झाले" असे सांगणारा रुग्ण. त्याला पालथे झोपवून पावले मेजाबाहेर ठेवावीत व पिंडरी दाबावी. पाऊल खाली वळले नाही, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. मर्दन करू नये.

२. टाचेच्या हाडाला दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र वेदना, अथवा नडगीवर एकाच बिंदूशी हाड दुखणे. यात ताणजन्य अस्थिभग्न असू शकतो. भरतीचा सराव करणाऱ्या तरुणांत हे अवश्य तपासावे.

३. तरुण रुग्णात दोन्ही टाचा दुखणे आणि सकाळी कंबर दीर्घकाळ आखडणे. यात मणक्याच्या संधिशोथाचा विचार करावा.

४. तळपायाला जळजळ, मुंग्या, रात्री वाढणारी वेदना किंवा ज्वर.

उपचारकाळात वैद्याचे काम

रुग्णाला यंत्राकडे पाठवले म्हणजे आपले काम संपत नाही. निदानपरिवर्जन आपल्याच हाती आहे. धावणारा असेल तर अंतर व चढ कमी करावा, झिजलेली पादत्राणे बदलावीत, उभ्याच्या कामात मध्ये मध्ये बसण्याची सोय करावी, स्थूलतेत वजनाकडे लक्ष द्यावे. तरंगांनंतर वेदना कमी होताच रुग्ण पूर्ववत धावू लागतो, आणि हाच काळ सर्वांत नाजूक असतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, हे सुश्रुताचे मार्गदर्शन येथे अक्षरशः लागू पडते.

टाचशूळात सकाळी पहिले पाऊल टाकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावीत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. अकिलीज कंडरेच्या मध्यभागातील विकारासाठी स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम असा : पायरीच्या कडेवर चवडे टेकून दोन्ही पायांनी उंच व्हावे आणि फक्त दुखऱ्या पायावर भार घेत टाच हळूहळू पायरीखाली न्यावी. पंधराचे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून व तितकेच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. विकार टाचेकडील टोकाशी असेल, तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीपर्यंतच आणावी.

स्नेहन, स्वेदन, उपनाह व आभ्यंतर चिकित्सा अवस्थेनुसार चालू ठेवता येते. तरंगांच्या दिवशी त्या जागी तीव्र स्वेदन, जोराचे मर्दन किंवा अग्निकर्म करू नये, आणि तेल पुसून स्वच्छ त्वचेनेच रुग्णाला पाठवावे. रुग्णासोबत दोन ओळींचे पत्र द्यावे. त्यात विकाराचे स्थान, कालावधी, झालेले उपचार व चालू औषधे लिहावीत.

औषधालयचालकांसाठी

टाचदुखीचा रुग्ण अनेकदा प्रथम औषधालयातच येतो. त्याला तेल किंवा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा : "अलीकडे कोणते प्रतिजैविक घेतले का?" सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातील औषधांनी अकिलीज कंडरेचा दाह व विदारण होऊ शकते. साठीपुढील व सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. अशा रुग्णाला मर्दनाचे तेल न देता, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे त्वरित परत पाठवावे. तसेच "दोन दिवसांत टाचदुखी गायब" अशा जाहिरातीच्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्या विकू नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते, आणि स्टेरॉइड कंडरेला दुर्बळ करते.

यंत्र खरेदीचा मोह

काही चिकित्सालयांत हे यंत्र घेण्याचा विचार चालू आहे. त्यांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तरंग केंद्रित की पसरणारे, मात्रा मोजून नोंदवता येते का, आणि झिजणारे टोक किती आघातांनंतर बदलावे लागते. आपल्या नोंदणीच्या कक्षेत हे यंत्र वापरता येते का, याचे लेखी उत्तर परिषदेकडून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. शॉकवेव्ह या नावाने ऑनलाइन विकली जाणारी घरगुती कंपनयंत्रे म्हणजे मर्दनाची साधने होत. परीक्षणांतील निष्कर्ष त्यांना लागू पडत नाहीत. घेतलेल्या यंत्राचे हप्ते फेडायचे असले, की प्रत्येक टाच यंत्रायोग्य दिसू लागते. जवळच्या विश्वासू अस्थितज्ज्ञाशी वा भौतिकोपचारतज्ज्ञाशी संबंध जोडणे बहुतेकांसाठी अधिक हिताचे आहे.

तात्पर्य, नव्या दुखण्यात व्यायाम, पथ्य व आपली चिकित्सा. जीर्ण व हट्टी दुखण्यात व्यायामाच्या जोडीला तरंग. आणि कंडरा तुटल्याची शंका येताच यांपैकी काहीही न करता त्वरित शल्यतज्ज्ञ. पुढच्या वेळी रुग्णाने "शॉकवेव्ह घेऊ का?" असे विचारले, की आधी त्याला किती महिन्यांपासून दुखते हे विचारावे, कोठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगावे, आणि मगच उत्तर द्यावे.